मोतीरामकडे जा

"जेवाचं हाय ना? मग मोतीरामकडे जा," बर्फाच्या कारखान्याच्या दारातला माणूस म्हणाला आणि लादी फोडायला पुन्हा वाकला.

हा पाचवा. मी वहीत पाचवी रेघ ओढली आणि खुशीत येऊन तिच्याखाली आणखी एक ठळक रेघ मारली. पाचांतल्या पाचांनी एकच नाव घ्यावं, असं माझ्या नशिबात पहिल्यांदाच घडत होतं.

या गोष्टीला एकतीस वर्षं झाली. तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि एका सायंदैनिकाच्या शनिवारच्या पुरवणीत कसाबसा चिकटून होतो. पुरवणीच्या संपादक सामंतबाईंनी मला सहा आठवड्यांसाठी एक सदर दिलं होतं, 'गावकरी सांगतात'. शहराच्या कडेकडेच्या वस्त्यांत जायचं, तिथल्या पाच माणसांना विचारायचं की पाहुणा आला तर त्याला जेवायला कुठे पाठवाल, आणि निदान तिघांनी जे नाव घेतलं असेल तिथे जेवून यायचं, मग लिहायचं. पाटी बघून आत शिरायचं नाही, मालकाने बोलावलं तर मुळीच जायचं नाही, असा बाईंचा दंडक होता. सदर चाललं तर मी कायम होणार होतो, नाही तर पुन्हा निधनवार्ता लिहीत बसायचं होतं. वेळशी हा सहावा आणि शेवटचा आठवडा.

त्या दुपारी वेळशीत एका बाईने माझ्याकडे एक वाक्य मागितलं. ते मी देतो म्हणालो, आणि दिलं नाही. सांगायचं आहे ते एवढंच, पण ते एवढ्यावर थांबलं नाही.

वेळशी म्हणजे स्टेशनपासून रिक्षाने वीस मिनिटं. अर्ध्या वाटेपर्यंत नव्या इमारती, मग नारळ, मग कोळीवाडा आणि त्यापलीकडे काळसर वाळूचा किनारा. किनाऱ्यावर खायला तोटा नव्हता. चायनीजच्या गाड्या होत्या, माशांचे रंगीत फोटो लावलेले दोन बियर बार होते, नाक्यावर उडप्याचं हॉटेल होतं. यांतलं एकही नाव कुणी घेतलं नाही. न्हावी, फुलवाली, शाळेचा शिपाई, जाळं विणत बसलेली एक म्हातारी, सगळ्यांचं उत्तर तेच, मोतीरामकडे जा.

एक गोष्ट तेव्हाही मला जराशी खटकली होती. उत्तर देण्याआधी प्रत्येक जण क्षणभर थांबत होता. न्हाव्याचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावर अर्ध्यात थांबला. जाळंवालीने आधी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. आणि "उघडं असेल ना आत्ता?" असं मी विचारलं, की ज्याला त्याला एकदम आपलं काम आठवत होतं. कोळी माणूस फटकळ असतो, पाल्हाळ लावत नाही, अशी मी माझी समजूत करून घेतली. शिवाय मी जातीचा कायस्थ, मासळीच्या नावाने तोंडाला पाणी सुटलं की मला फार विचार करवत नाही.

घर किनाऱ्याला लागूनच होतं. ओटीवर चार टेबलं, वर निळ्या रंगाची पाटी, 'मोतीरामची खानावळ'. दारातच लाकडी पाटावर एक म्हातारी समुद्राकडे तोंड करून बसली होती. मी खानावळीचं नाव घेऊन विचारलं आणि तिचं तोंड उजळलं.

"जयवंती, ये बग, मोतीरामला इचारीत आलाय," तिने आत हाक दिली. मग मला बसवून घेऊन विचारलं, कुणी कुणी पाठवलं? मी नावं सांगत गेलो तशी ती एकेक बोट मिटत गेली. पाचवं बोट मिटलं तेव्हा तिने मूठ छातीशी धरली आणि ती हसली. ही मोतीरामची आई, धाकलीबाय.

जयवंती बाहेर आली. तिशीची असेल. हातात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. एवढं सगळं असून तिच्या चेहऱ्यावर मात्र काही नव्हतं. भलत्या दिवशी टपकलेल्या पाहुण्याकडे पाहावं तसं तिने माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता पान मांडायला घेतलं.

जेवणाबद्दल काय सांगू? तांदळाची भाकरी इतकी मऊ की घडी घालावी. ओल्या बोंबलांचं लालभडक कालवण, मांदेली कडक तळलेली, आणि बाजूला सुक्या जवळ्याची चटणी. मी दोनदा भात मागून घेतला. बोटं चाटून झाल्यावर मला सदराची आठवण झाली आणि मालकांशी दोन शब्द बोलायचं आहे असं मी म्हणालो.

"दर्यात हाय," धाकलीबाय म्हणाली.

"मग संध्याकाळी येतील?"

"येल," ती म्हणाली. जयवंतीच्या हातातला डाव तेवढा वेळ पातेल्यावर तसाच राहिला होता.

मी वहीत 'मालक स्वतः मासे आणतात' असं टिपून ठेवलं. थोड्या वेळाने म्हातारी उठली, पदर कमरेला खोचला आणि बंदराकडे चालू लागली. भरतीची वेळ झाली होती. रोज भरतीला ती तिथे जाऊन उभी राहते, हे मला जयवंतीने सांगितलं. म्हातारी वळणाआड गेल्याची खात्री करून ती माझ्यासमोरच्या बाकावर येऊन बसली.

"तुमी पेपरवालं काय?" तिने विचारलं. मी हो म्हणालो.

मग ती बोलत गेली, आवाज जराही न चढवता, आपल्या नव्हे तर शेजारणीच्या घरातलं सांगावं तशी. आश्विनात मोतीराम एकटाच लहान होडी घेऊन जाळी बघायला गेला. त्या दिवशी वारा नव्हता, वादळ नव्हतं. तो आला नाही. गावाने चार दिवस शोध घेतला. पंधराव्या दिवशी दोन खाड्या ओलांडून पलीकडे होडीची एक फळी लागली, तिच्यावर मोतीरामने स्वतः रंगवलेलं नाव होतं. धाकट्या दिराने ती रातोरात आणली आणि म्हातारीला कळू नये म्हणून जाळ्यांच्या खोलीत लपवली. जयवंतीने ती हात लावून बघितली होती. त्याला आता सात महिने झाले होते.

वेळशीची रीत अशी, की दर्यात गेलेल्या माणसाचा देह मिळाला नाही तर तो गेला असं पहिल्यांदा त्याच्या आईने म्हणायचं. आई म्हणाली की मग बायको बांगड्या फोडते, पंच बसतात, पिठाचा माणूस करून त्याला अग्नी देतात. आईच्या आधी कुणी ते तोंडातून काढलं, तर त्यानेच त्या माणसाला बुडवलं असं धरतात. आणि धाकलीबाय काही म्हणत नव्हती. ती म्हणत होती, माझा मोतीराम वाट चुकलाय.

"खानावळ मी पयल्याच महिन्यात बंद करणार व्हती," जयवंती म्हणाली. "पन गाव गिराईक धाडतंय. बंद झालं असं कोन सांगल? तसं बोललं म्हंजे तो गेला असं बोलल्यासारकं. मंग तुमच्यासारकं कोनी आलं की सासू मना म्हनते, बग, मानसं अजून त्याच्या नावानं येतात. मेलेल्या मानसाच्या घरी कोन जेवाला येतो काय?"

रोज पहाटे कुणीतरी मोतीरामच्या वाट्याची मासळी उंबऱ्यावर ठेवून जात होतं. तीही न ठेवायची कुणाची छाती नव्हती. मासळी आली की रांधावी लागत होती आणि रांधलं की गिऱ्हाईक येत होतं. गावाला वाटत होतं आपण तिला सांभाळतोय. मी रिकामं ताट बाजूला सारलं.

"रडलीयस का तू कधी?" विचारू नये ते मी विचारलं.

"दर्यातल्या मानसासाठी रडाचं नसतं. डोल्यांतलं पानी त्याला खाली वढतं." ती म्हणाली. मग जरा थांबून तिने सांगितलं, की सात महिने घरातला कांदासुद्धा सासूच कापते. सुनेच्या डोळ्यांना कोणत्याही निमित्ताने पाणी येऊ द्यायचं नाही.

तेव्हा तिने माझ्याकडे मागायचं ते मागितलं. सासूला वाचता येत नव्हतं, पण पेपरात छापून आलेल्यावर तिचा फार विश्वास. वादळाचा इशारा पेपरात आला की ती बंदरावरच्या सगळ्यांना दम देऊन होड्या ओढायला लावायची.

"तुमी लिवा, मोतीरामची खानावळ बंद झाली. एवडंच लिवा. मी तिला वाचून दाखवीन. कोना गाववाल्याच्या तोंडाला लागनार नाय, बाहेरच्या मानसानं लिवलेलं असंल. मंग ती बोलंल. ती बोलली की मना रडता यील, दादा."

"लिहितो," मी म्हणालो. त्या क्षणी मी मनापासून म्हणालो, हे आजही मला शपथेवर सांगता येईल.

निघताना वाटेत धाकलीबाय भेटली. ओली वाळू पायांना लागलेली. तिने माझा हात धरला आणि पेपरात मोतीरामचं नाव मोठं लिही बाला, असं म्हणाली. तिच्या कानावर कुणीतरी घातलं असणार की मी पेपरवाला आहे. मी तिलाही मान डोलावली.

कचेरीत येऊन मी खरंच लिहायला बसलो. 'वेळशीत कुणालाही विचारा, तो मोतीरामकडे जा म्हणेल. पण मोतीरामची खानावळ आता बंद झाली आहे.' एवढं लिहिलं आणि वाचलं. पाचांतल्या पाचांनी सांगितलेली जागा, आणि ती बंद. हे वाचून सामंतबाई काय म्हणतील ते मला तोंडपाठ होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पान जाणार होतं, दुसरं ठिकाण शोधायला वेळ नव्हता. मग मी स्वतःला समजावायला लागलो, आणि त्या कामात मी तेव्हा तरबेज होतो. एका माणसाला मेलेला ठरवणं पुरवणीचं काम आहे का? त्या म्हातारीच्या जिवाचं काही झालं तर? शिवाय चूल पेटती आहे, जेवण उत्तम आहे, मग बंद म्हणणं हे खोटंच नाही का? अर्ध्या तासात मी तो कागद फाडला. बाईंनी तो पाहिलासुद्धा नाही, त्यामुळे दोष त्यांना देता येत नाही.

शनिवारी छापून आलं ते असं होतं, की वेळशीला जाल तर मोतीराम वैतींची खानावळ चुकवू नका. मालक स्वतः दर्यावर जाऊन मासळी आणतात, त्यांची पत्नी रांधते, आणि दारात बसलेली त्यांची आई तुमचं घरच्यासारखं स्वागत करते. बाईंना फार आवडलं. मी कायम झालो.

पुढच्या आठवड्यात एक क्षुल्लक काम आलं. पुरवणीत 'वाचकांची पसंती' म्हणून चार पत्रं छापायची पद्धत होती. पत्रं क्वचितच यायची, म्हणून ती आम्हीच लिहायचो. ज्याचं सदर त्याने आपल्या कौतुकाची दोन लिहायची, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मी चहा पिता पिता एक पत्र खरडलं, सौ. नलिनी पोतनीस, डोंबिवली, या नावाने. 'आपल्या सदरामुळे आम्ही सहकुटुंब गेलो. मोतीरामभाऊंनी स्वतः वाढलं. ताट पुढे ठेवण्याआधी ते त्याचा तळ आपल्या मांडीला पुसून घेतात, ते पाहून मला माझ्या वडिलांची आठवण झाली.' पत्र खरं वाटायला असा एखादा बारकावा घालावा लागतो. मी तो घातला आणि विसरून गेलो.

आठवडाभराने, साधारण अकरा वाजता, शिपायाने येऊन सांगितलं की एक कोळीण भेटायला आली आहे. काय ऐकून घ्यावं लागणार याची मनात उजळणी करत मी बाहेर गेलो.

जयवंती बाकावर बसली होती. ठेवणीतलं लुगडं, केसांत अबोलीचा गजरा. मी तिच्या समोर बसलो आणि माफी मागायला तोंड उघडलं, पण तिला त्यातलं काही नको होतं. मी वचन दिलं होतं याची तिला आठवण तरी होती की नाही कोण जाणे. तिने कमरेच्या पिशवीतून घडी केलेला कागद काढला आणि माझ्यासमोर उलगडून ठेवला. 'वाचकांची पसंती' कापून आणलेली होती.

"ह्या बाईचा पत्ता द्या मना," ती म्हणाली.

मी काही बोलायच्या आत तिने मला सगळं समजावून सांगितलं. ताट मांडीला पुसायची खोड मोतीरामचीच. लेंग्याला तेलाचे डाग पडतात म्हणून ती लग्नापासून त्याला ओरडत आली होती, म्हणून तो दाराआड उभा राहून गुपचूप पुसायचा. गिऱ्हाइकांनी ते कधी पाहिलं नव्हतं, सासूला माहीत नव्हतं. ते फक्त तिला माहीत होतं. आणि ही पोतनीसबाई लिहिते की तिने पाहिलं.

"पन आमच्याकडे तर ती आलीच नाय," जयवंती म्हणाली. "आली असती तरी तो नव्हता. म्हंजे ती दुसरीकडं कुटं जेवलीय. दुसऱ्या कुटल्या तरी किनाऱ्यावर. नावाचा घोटाला झाला तिचा. तो तिकडं वाडत असंल कुनाच्या तरी खानावलीत. डोक्याला मार बसला असंल, गाव आटवत नसंल. असं व्हतं ना दादा? ती कुटं जेवली तेवडं इचाराचं हाय मना."

त्या अख्ख्या गावात एकच माणूस होतं, ज्याने ती फळी हाताने चाचपून पाहिली होती आणि जे होतं ते स्वीकारलं होतं. तेही मी घालवलं होतं.

"जयवंतीबाई," मी म्हणालो, "पोतनीस नावाची कुणी बाई नाही. ते पत्र मी लिहिलं. इथे, या टेबलावर बसून. ते सगळं खोटं आहे."

तिने कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मंग तुमाला कसं ठावं, तो मांडीला पुसतो ते?"

माझे वडील कारकून होते, त्यांनी जन्मात कुणाला ताट वाढलं नाही. मी त्या दिवसाची वही काढून पानन् पान वाचली आहे, धाकलीबायने काही सांगितलं होतं का ते आठवून आठवून थकलो आहे. वहीत बोंबील आहेत, भाकरी आहे, ताटाबद्दल एक अक्षर नाही. चहा पिताना ते माझ्या लेखणीत कुठून आलं, मला आजही माहीत नाही. पुढे कित्येक वर्षं कोणत्याही हॉटेलात वाढपी मागून आला, की मी ताटाकडे न बघता त्याच्या मांडीकडे बघत असे. त्या दिवशी मला भीती वाटली, खरीखुरी, अंगावर काटा आणणारी, भर दिवसा अकरा वाजता.

"सुचलं," मी म्हणालो.

ती हसली. कुणी गोड बातमी उगाच लपवून ठेवली की हसतात तसं. मी किनाऱ्याकिनाऱ्याने जेवत हिंडणारा माणूस, हे तिला ठाऊक होतं. तिने कागदाची पुन्हा घडी घातली.

"गाववाले पन असंच करतात," ती म्हणाली. "बोलाचं ते बोलत नाय. तुमाला त्यानंच सांगितलं असंल, घरी नको सांगू म्हून. नका सांगू तुमी कुटं ते. तुमी त्याला बगितला ना, बास."

मी नाही म्हणालो. पुन्हा एकदा म्हणालो, की मी त्यांना पाहिलेलं नाही, ते गेले आहेत, तू स्वतः मला फळीचं सांगितलंस. ती ऐकून घेत होती, पण लहान मूल रुसून काहीतरी बडबडतं तेव्हा ऐकून घेतात तसं. मग ती पुढे वाकली. आवाज अगदी खाली आणून, कचेरीतल्या इतरांना ऐकू जाऊ नये म्हणून पदर तोंडाशी धरून तिने विचारलं, "बारीक झालाय काय वो?"

तिच्या डोळ्यांत तेव्हा पाणी होतं. ते खाली पडू नये म्हणून ती डोळे मोठे करून माझ्याकडे बघत होती. फक्त आणखी एकदा 'नाही पाहिलं' म्हणायचं होतं मला. तेवढ्याने ते पाणी पडलं असतं, आणि तिला तेच तर हवं होतं. मला ते म्हणवलं नाही. मला तिची कीव आली, आणि कीव आलेला माणूस काय करतो ते मी वेळशीत पाहून आलो होतो.

"नाही," मी म्हणालो. "आहेत तसेच आहेत."

तिने सुटकेचा श्वास सोडला. डोळे कोरडे झाले. आता निघते म्हणाली, दुपारची माणसं यायची वेळ होईल, तुमच्या पेपरामुळे हल्ली फार येतात. मी तिला जिन्यापर्यंत सोडायला गेलो. दोन पायऱ्या उतरून ती थांबली आणि मागे न बघताच तिने विचारलं, तिच्यासाठी तो काही म्हणाला का.

"बोलणं झालं नाही," मी म्हणालो. "गर्दी होती."

"हां," जयवंती म्हणाली, "जेवनाच्या टायमाला बोलत नाय तो कोनाशी."